विश्लेषण : नशेच्या इंजेक्शनच्या बाटल्या मोजल्या, संसर्ग कधी मोजणार?

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात ‘नशेची इंजेक्शने’ पकडल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. बातमीचा साचाही ठरलेला आहे. इतक्या बाटल्या जप्त, इतक्या हजारांचा मुद्देमाल, इतके संशयित ताब्यात. यातली प्रत्येक गोष्ट मोजलेली असते. मोजलेली नसते ती एकच गोष्ट : हे औषध ज्या सुयांनी शरीरात गेले, त्या सुया किती जणांत फिरल्या आणि त्यांच्यासोबत कोणते विषाणू फिरले?

कोविडच्या काळात याच जिल्ह्यात रोज संध्याकाळी तालुकानिहाय आकडे मोबाइलवर येत होते. कोणत्या गल्लीत किती रुग्ण, हे लोकांना तोंडपाठ होते. सुईवाटे पसरणाऱ्या एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी या आजारांबाबत मात्र आपण पोलिसांच्या पंचनाम्यावर समाधान मानतो. जप्त बाटल्यांच्या आकड्यावरून पोलिसांनी किती काम केले ते समजते. आजार किती पसरला, ते समजत नाही. हा दुसरा आकडा मिळवता येतो, त्याच्या पद्धती जगात आणि भारतातही वापरून झाल्या आहेत. अट एकच आहे, सुई वापरणारा माणूस न घाबरता समोर आला पाहिजे.

नेमके कोणते इंजेक्शन?

पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा कारवायांमध्ये वारंवार येणारे नाव म्हणजे मेफेंटरमाइन सल्फेट. हे मुळात शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे औषध. पाठीत भूल दिल्यानंतर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. पण हृदयाचे ठोके वाढतात, थकवा जाणवत नाही, अंगात जोर आल्यासारखे वाटते, म्हणून ते आधी काही जिममध्ये आणि नंतर थेट नशेसाठी वापरले जाऊ लागले. तालमीची परंपरा सांगणाऱ्या जिल्ह्यात ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून एखादी गोष्ट खपवणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे बाटली. एका बाटलीतून अनेक डोस निघतात. चार मित्रांनी मिळून एक बाटली घेतली आणि वापरलेली सुई पुन्हा त्याच बाटलीत बुडवली, की उरलेले सगळे औषध दूषित होऊ शकते. म्हणजे ‘माझी सुई वेगळी होती’ एवढ्याने माणूस सुरक्षित होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे औषध उत्तेजक आहे, हेरॉइनसारखे अफूजन्य नाही. हेरॉइनच्या इंजेक्शनवर सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध तोंडावाटे देतात. त्यामुळे सुईच सुटते. उत्तेजक औषधाच्या व्यसनावर असा पर्याय उपलब्ध नाही. शिवाय उत्तेजकांचा परिणाम उतरला की पुन्हा टोचण्याची ओढ लागते आणि दिवसातल्या इंजेक्शनांची संख्या वाढते. म्हणून पंजाब किंवा मणिपूरसाठी आखलेला कार्यक्रम जसाच्या तसा इथे उचलून चालणार नाही. इथे स्वच्छ सुई, तपासणी आणि समुपदेशन यांचे वजन अधिक असेल.

एकच सुई दोघांनी वापरली तर काय होते?

इंजेक्शन घेताना शिरेतले थोडे रक्त सिरिंजमध्ये येते. दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुई आणि नळी यांच्या सांध्यात थोडी जागा उरते आणि त्यात रक्तमिश्रित थेंब अडकतो. सुई वेगळी काढता येणाऱ्या सिरिंजमध्ये ही जागा जास्त असते. इन्सुलिनच्या सिरिंजसारखी सुई पक्की बसवलेली असेल, तर ती फारच कमी असते. पाण्याने विसळल्यावर सिरिंज स्वच्छ दिसते, पण तो थेंब पूर्ण जात नाही.

त्या थेंबात विषाणू किती काळ तग धरतो? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत हे तपासले. खोलीच्या तापमानाला काही सिरिंजमध्ये एचआयव्ही सहा आठवड्यांपर्यंत जिवंत आढळला. उष्णता वाढली की ही मुदत बरीच घटते. हिपॅटायटीस सीचा विषाणू त्याहून चिवट निघाला. तो काही सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत टिकला. हिपॅटायटीस बी त्याहीपेक्षा सहज पसरतो, मात्र त्यावर लस आहे. हिपॅटायटीस सीवर लस नाही.

हा धोका नशा करणाऱ्यांपुरता राहत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात, नाल्याकाठी, कचऱ्याच्या ढिगात पडलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसू शकते, खेळणाऱ्या मुलाच्या पायात घुसू शकते. आणि इंजेक्शन घेणाऱ्याच्या घरी पत्नी असते, पुढे मूल असते.

‘एका टक्क्याहून कमी धोका’ म्हणजे किती?

बाधित व्यक्तीची सुई एकदा वापरल्याने एचआयव्ही होण्याची शक्यता संशोधनानुसार साधारण ०.६३ टक्के आहे. म्हणजे दहा हजार वेळांत ६३. हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, मग एवढे काय?

पण इथे साधे गणित करून पाहावे. एकदा वाचण्याची शक्यता ९९.३७ टक्के. हीच गोष्ट शंभर वेळा केली, तर शंभरही वेळा वाचण्याची शक्यता उरते सुमारे ५३ टक्के. म्हणजे संसर्गाची शक्यता ४७ टक्क्यांवर जाते. जवळजवळ छापा-काटा. आणि रोज एकदा नशा करणाऱ्याला शंभराचा आकडा गाठायला साडेतीन महिनेही लागत नाहीत.

दुसरा मुद्दा जाळ्याचा. रस्त्यांच्या नकाशात एखादा चौक असा असतो की तो बंद पडला तर अर्धे शहर अडते. दसरा चौकात कोंडी झाली की काय होते, हे कोल्हापूरकरांना माहीत आहे. सुईच्या देवाणघेवाणीतही असे ‘चौक’ असतात : जो सगळ्यांना माल आणून देतो, ज्याच्या खोलीवर सगळे जमतात. अशा एका माणसाला संसर्ग झाला, की तो पुढे कुठवर जाईल हे सांगता येत नाही. त्यात नव्याने बाधित झालेल्याच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचे प्रमाण फार जास्त असते आणि त्याच काळात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून हा आजार सावकाश चढत नाही. बराच काळ काही दिसत नाही आणि मग एकदम उसळी येते.

हे लहान गावात होऊ शकते?

होऊ शकते, झालेले आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील स्कॉट काउंटी हा ग्रामीण भाग. तिथल्या ऑस्टिन या गावाची लोकसंख्या चार हजारांच्या आसपास. त्या काउंटीत आधीच्या दहा वर्षांत एचआयव्हीचे मिळून पाच रुग्ण होते. नोव्हेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या एका वर्षात १८१ जण सापडले. कारण होते ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामक गोळीचे इंजेक्शन. एकाच घरातल्या दोन-तीन पिढ्या एकाच सुईने ते घेत होत्या. विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर कळले, की जवळजवळ सगळ्यांचा संसर्ग एकाच मुळापासून आलेला आहे.

या घटनेत आपल्यासाठी सर्वांत मोठा धडा पुढे आहे. बाधितांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना हिपॅटायटीस सीसुद्धा होता. हिपॅटायटीस सी सुईतून एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, म्हणून तो आधी येतो. तो वाढू लागला, तेव्हाच ‘इथे सुया फिरत आहेत’ असा इशारा मिळालेला असतो. तो वाचला गेला नाही. राज्यात सुई-विनिमयाला कायद्याने बंदी होती. ती मार्च २०१५ मध्ये आणीबाणी जाहीर करून उठवावी लागली. तोवर साथ पसरली होती. त्यानंतर तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने देशभरातील आकडेवारी तपासून असाच उद्रेक होऊ शकेल अशा २२० काउंट्यांची यादी केली. म्हणजे रुग्ण सापडण्याआधीच धोक्याची ठिकाणे ओळखली.

आपल्याकडचा अनुभव त्याहून जुना आहे. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण शून्यातून निम्म्याच्या आसपास गेले. त्याला वर्षभरही लागले नाही. तेव्हा देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, अजून स्थापन व्हायची होती. ती १९९२ मध्ये झाली.

भारतात आणि महाराष्ट्रात काय चित्र आहे?

दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. ज्या राज्यांत ही संख्या मोठी आहे, त्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत या गटातील एचआयव्हीचे प्रमाण ९.०३ टक्के आढळले. देशातील एकूण प्रौढ लोकसंख्येत ते ०.२१ टक्के होते. म्हणजे चाळीसपटींहून अधिक.

महाराष्ट्रात या विषयावरचे काम मुख्यतः मुंबईत उभे राहिले. ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ ही संस्था नव्वदच्या दशकापासून तिथल्या रस्त्यांवर सुईने नशा करणाऱ्यांसोबत काम करते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनमुक्तीचा विचार मराठी घरांपर्यंत नेला. पण मुक्तांगणच्या सुरुवातीच्या काळातला प्रश्न होता गर्दचा, आणि गर्द बहुतेक जण ओढत असत. सुई आली की व्यसनाच्या प्रश्नाला साथीच्या रोगाचा प्रश्न जोडला जातो, हे अजून आपल्या बोलण्यात उतरलेले नाही.

कोल्हापूर तर या नकाशावर आधीच आलेले आहे. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने एमडीचा कारखाना उघडकीस आणला. महामार्ग, सीमाभाग, यंत्रमाग आणि औद्योगिक वसाहतींतला तरुण कामगारवर्ग, हे सगळे इथे आहे. पण राष्ट्रीय सर्वेक्षणाचे अंदाज राज्यापाशी थांबतात, जिल्ह्यापर्यंत येत नाहीत. आणि उद्रेक राज्यात होत नसतो. तो एखाद्या गावात, एखाद्या वसाहतीत होतो.

लपलेल्या माणसांची मोजणी कशी करतात?

मतदारयादीतून नावे काढून ‘तुम्ही इंजेक्शन घेता का’ असे विचारता येत नाही. कुणी खरे सांगणार नाही. म्हणून दोन पद्धती वापरतात.

पहिली तळ्यातल्या माशांची. रंकाळ्यात किती मासे आहेत, हे पाणी उपसून मोजता येत नाही. समजा, १०० मासे पकडले, खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा १०० पकडले आणि त्यांत खूण असलेले १० निघाले. म्हणजे आपले १०० मासे एकूण माशांच्या साधारण दहावा हिस्सा आहेत. एकूण मासे हजाराच्या आसपास. माणसांच्या बाबतीत खूण म्हणजे नाव नव्हे. एखादी किल्लीची कडी किंवा विशिष्ट रंगाचे कार्ड वाटतात आणि पुढच्या फेरीत ‘हे तुला मिळाले होते का’ एवढेच विचारतात.

दुसरी पद्धत ओळखीतून ओळख काढण्याची. तिला रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग म्हणतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये ती मांडली. सुरुवातीला विश्वासातले मोजके लोक निवडतात. प्रत्येकाची मुलाखत व रक्ततपासणी होते आणि त्याला दोन-तीन कूपन दिली जातात. ती त्याने आपल्यासारख्याच ओळखीच्यांना द्यायची. ते कूपन घेऊन आले की त्यांनाही कूपन. नाव कुठेच लिहायचे नाही, फक्त कूपनचा क्रमांक. प्रत्येकाला ‘असे किती जण तुझ्या ओळखीचे आहेत’ हेही विचारतात. ज्याच्या ओळखी जास्त, तो नमुन्यात सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून हिशेब करताना त्याचे वजन तेवढे कमी धरतात.

ही पद्धत भारतात चालते का? चालली आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि चेन्नईची वाय.आर.जी. केअर ही संस्था यांच्या संशोधकांनी मुंबईसह १५ शहरांत याच पद्धतीने इंजेक्शन घेणाऱ्या १४,४८१ जणांपर्यंत पोहोचून तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ३७ टक्के जणांच्या रक्तात हिपॅटायटीस सीची प्रतिपिंडे आढळली आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्याची आधी कल्पना होती. जे लोक ‘सापडतच नाहीत’ असे म्हटले जाते, तेच इतक्या मोठ्या संख्येने आपल्या पायांनी चालत आले. त्यांना आणणारे त्यांचेच मित्र होते.

माणूस नाही, तर सुईच तपासली तर?

तेही झाले आहे. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० मध्ये सुई-विनिमय केंद्र सुरू झाले. जुनी सुई द्या, नवी घ्या. येलमधले एडवर्ड कॅप्लन हे खरे तर गणिती पद्धतींनी कामकाजाचे नियोजन करण्याच्या शास्त्रातले प्राध्यापक. त्यांनी आणि रॉबर्ट हाइमर यांनी प्रत्येक सुईला क्रमांक दिला आणि परत आलेल्या सुयांतले रक्त तपासले. सुरुवातीला साधारण दोन तृतीयांश सुयांत एचआयव्हीच्या खुणा होत्या. काही महिन्यांत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले.

कॅप्लन यांचा तर्क सोपा होता. सुई जितका कमी काळ फिरेल, तितक्या कमी जणांच्या शरीरात ती जाईल. सुई म्हणजे डासासारखी वाहक आहे, तिचे आयुष्य कमी करा. त्यांच्या गणितानुसार केंद्रात येणाऱ्यांतले नवे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटले. माणसाने खरे सांगितले की खोटे, हा प्रश्नच उरला नाही, कारण साक्ष सुईने दिली. युरोपातील काही शहरांत आता वापरलेल्या सिरिंजमधले अंश तपासून बाजारात कोणते नवे द्रव्य आले आहे, तेही शोधतात.

आकडा आला, पण चुकीचा वाचला तर?

हा धोका खरा आहे. जुलै २०२४ मध्ये ‘त्रिपुरात ८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ मृत्यू’ ही बातमी देशभर मोबाइलवर फिरली. वाचणाऱ्याला वाटले, महिन्याभरातला उद्रेक आहे. नंतर राज्य एड्स नियंत्रण संस्थेने स्पष्ट केले, की ही एप्रिल २००७ ते मे २०२४ या सतरा वर्षांतली एकूण नोंद आहे. इंजेक्शनच्या नशेचा प्रश्न तिथे गंभीर आहेच. पण कालावधी गाळलेल्या आकड्याने भीती पसरली आणि भ्यालेला विद्यार्थी तपासणीला जात नाही, लपतो. म्हणून असा आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात : किती काळातला, किती जणांच्या तपासणीतून, आणि कोणत्या ठिकाणचे लोक तपासले?

कायदा आड येतो का?

लोकांना वाटते तितका नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचे कलम ६४ अ, स्वतःहून उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. त्यापुढे जाऊन एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी राबवलेले उपाय गुन्हा ठरणार नाहीत. कायद्यातच त्याचे उदाहरण दिले आहे : नोंदणीकृत कार्यक्रमात वापरलेली सुई घेऊन नवी सुई देणारा आणि ती घेणारा, दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही. याच कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कुणाचा एचआयव्ही अहवाल परस्पर उघड करता येत नाही.

अडचण कायद्याच्या पुस्तकात नाही, रस्त्यावर आहे. खिशात सिरिंज सापडली म्हणून तरुणाला चौकीत बसवले, तर तो पुढच्या वेळी सिरिंज बाळगत नाही, मित्राची वापरतो. औषध दुकानदाराने ‘चौकशी नको’ म्हणून सिरिंज द्यायला नकार दिला, तरी तेच होते. मेफेंटरमाइनची बेकायदा विक्री थांबवायलाच हवी. पण औषधावरचा चाप आणि सिरिंजवरचा चाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने नशा कमी होऊ शकते. दुसऱ्याने फक्त संसर्ग वाढतो.

सुई वाटणे म्हणजे नशेला मदत नव्हे का?

हा प्रश्न घराघरांत विचारला जाईल आणि तो विचारणाऱ्याला मूर्ख ठरवू नये. ज्या आईच्या मुलाच्या दप्तरात सिरिंज सापडली, तिला ‘त्याला नवी सिरिंज द्या’ हे ऐकून संताप येणारच.

पण जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगभरातील अभ्यासांचा आढावा घेतला. सुई-विनिमयामुळे नशा करणारे वाढल्याचा पटण्याजोगा पुरावा त्यात मिळाला नाही. एचआयव्ही घटल्याचा मात्र मिळाला. नवी सुई न मिळाल्याने कुणी नशा सोडत नाही. तो जुनी सुई वापरतो. आणि नशा सुटू शकते, एचआयव्ही आयुष्यभर राहतो. पंचविशीत व्यसन सोडून तिशीत संसार थाटणाऱ्याच्या सोबतीला तो विषाणू असावा की नसावा, इतकाच हा प्रश्न आहे. शिवाय सुई बदलायला येणारा माणूस दर आठवड्याला आरोग्य कार्यकर्त्याच्या समोर येतो. व्यसन सोडण्याची गोष्ट त्याच्याशी तिथेच बोलता येते.

खर्चाचा हिशेबही मांडावा. एक सिरिंज काही रुपयांची. एचआयव्हीचे औषध आयुष्यभर, आणि ते २००४ पासून सरकार मोफत देते, म्हणजे आपणच देतो.

ज्यांना हे ‘बाहेरचे खूळ’ वाटते, त्यांनी शेजारच्या सांगलीकडे पाहावे. १९९२ मध्ये तिथे ‘संग्राम’ संस्थेने देहविक्री करणाऱ्या महिलांमध्ये एचआयव्हीचे काम सुरू केले. कंडोम वाटायला डॉक्टर किंवा पोलिस गेले नाहीत. त्याच महिला गेल्या. तेव्हाही ‘यामुळे अनाचार वाढेल’ असा आक्षेप होताच. पुढे त्याच महिलांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली आणि सांगलीचे हे काम देशाबाहेरही अभ्यासले गेले. ज्यांना आजाराचा धोका, त्यांच्याच हाती बचावाचे साधन, हे तत्त्व या मातीत एकदा चाललेले आहे.

मग कोल्हापुरात काय करायचे?

पहिले पाऊल नव्या पैशाचे नाही. हातात असलेली माहिती एका टेबलावर आणायची आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे मेफेंटरमाइनच्या घाऊक विक्रीच्या नोंदी असतात. ज्या तालुक्यात शस्त्रक्रिया कमी आणि विक्री जास्त, तिथे प्रश्न आहे. सीपीआरच्या आणि इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत हाता-पायांवर गळू घेऊन येणाऱ्या तरुणांची नोंद ‘गळू’ एवढीच न होता ‘इंजेक्शनमुळे’ अशी वेगळी व्हावी. हिपॅटायटीस सीचा प्रत्येक नवा तरुण रुग्ण ही धोक्याची घंटा समजून संसर्ग कुठून आला, याचा शांतपणे शोध घ्यावा. ही सगळी आकडेवारी नावाशिवाय, तालुकानिहाय मांडता येते.

दुसरे पाऊल प्रत्यक्ष मोजणीचे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा जनऔषध वैद्यकशास्त्र विभाग आणि शिवाजी विद्यापीठाचे संख्याशास्त्र व समाजशास्त्र विभाग यांनी मिळून कूपन पद्धतीचा अभ्यास हाती घेतला, तर त्यासाठी मुंबईकडे पाहत बसावे लागणार नाही. अट एवढीच, की तपासायचे आणि सोडून द्यायचे, असे होऊ नये. ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, त्याला त्याच दिवशी उपचाराचा दरवाजा दिसला पाहिजे. तो दरवाजा आहेही. एचआयव्हीची तपासणी आणि एआरटी औषधे सीपीआरमध्ये मोफत मिळतात. हिपॅटायटीस सी आज गोळ्यांनी, बहुतेकांच्या बाबतीत १२ आठवड्यांत, ९५ टक्क्यांच्या आसपास पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत दिली जातात. बरा होणारा आजार केवळ माहीत नसल्याने यकृत निकामी करेपर्यंत वाढू देणे, याला काय म्हणायचे?

तिसरे पाऊल पोलिसांचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. अभ्यास आणि तपासणी चालू असलेल्या ठिकाणाच्या आसपास केवळ सिरिंज बाळगली म्हणून कुणाला उचलणार नाही, असा लेखी शब्द पोलिस अधीक्षकांनी द्यावा. विक्रेत्यांवरची कारवाई चालू राहावी, ती थांबवा असे कुणी म्हणत नाही. पण ज्या दिवशी पहिला कूपनधारक केंद्राबाहेर पकडला जाईल, त्या दिवशी मोजणी संपेल. पुढचे सगळे आकडे खोटे असतील.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः इंजेक्शन घेत असेल, किंवा कुणाचा भाऊ, मित्र घेत असेल, तर त्याच्यासाठी दोन क्रमांक आहेत, दोन्ही मोफत. एचआयव्हीविषयी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. तपासणीसाठी नशा सोडण्याची वाट पाहू नये. आधी तपासणी करून घ्यावी, सोडण्याचा प्रयत्न सोबत चालू ठेवता येतो.

पुढच्या वेळी ‘नशेच्या इंजेक्शनचा साठा जप्त’ ही बातमी येईल, तेव्हा जिल्हा प्रशासनाला आणखी एक आकडा विचारावा : या महिन्यात सुई वापरणाऱ्या किती जणांची तपासणी झाली, आणि त्यांतल्या किती जणांचे उपचार सुरू झाले? या प्रश्नाला उत्तर मिळू लागेल, त्या दिवशी जिल्ह्याने साथ रोखायला सुरुवात केली असे म्हणता येईल.